गळ्याची एक जखम आणि अल-झहरावी

पोराच्या टॉन्सिल्सचं ऑपरेशन म्हटलं की आजही आपल्या घरात सगळ्यांच्या पोटात गोळा येतो. मग आजची भूल नाही, विजेचा दिवा नाही, अशा काळात हे काम करणाऱ्याचं धाडस केवढं असेल! हजार वर्षांपूर्वी ते लिहून ठेवणारे हकीम म्हणजे अबुल कासिम अल-झहरावी.

इ.स. 936 च्या सुमारास अंदलुसमध्ये, म्हणजे आजच्या स्पेनमध्ये, कुर्तुबा शहराजवळच्या मदीनत अझ-झहरा इथे त्यांचा जन्म झाला असं मानतात. आयुष्यभराचा अनुभव त्यांनी ‘अत-तसरीफ’ या 30 भागांच्या ग्रंथात उतरवला. शेवटचा भाग शस्त्रक्रियेचा. त्यात सुमारे 200 हत्यारांची चित्रं आहेत.

टॉन्सिल काढताना रुग्णाला उन्हाकडे तोंड करून बसवायचं, मदतनीसाने चपट्या पट्टीने जीभ दाबायची, आकड्याने गाठ ओढून धरायची आणि मग कापायची, अशी त्यांची पद्धत. कानात खडा गेला, दाणा गेला, पाणी गेलं की किडा शिरला, हे आधी ओळखा, कारण प्रत्येकाचा इलाज वेगळा, हेही त्यांनी शिकवलं.

पण आम्हाला सर्वात मोठी वाटते ती दुसरीच गोष्ट. एका दासीने स्वतःच्या गळ्यावर सुरी फिरवली. अल-झहरावींना बोलावलं गेलं. त्यांनी पाहिलं तर श्वासनलिका कापली गेली होती, जखमेतून हवा बाहेर येत होती, पण मोठी रक्तवाहिनी शाबूत होती. त्यांनी जखम शिवली. मुलगी वाचली, फक्त आवाज जरा घोगरा राहिला. गळा बंद होऊन गुदमरणाऱ्या माणसाची श्वासनलिका उघडावी, असं जुन्या ग्रीक हकीमांनी लिहिलं होतं, मात्र आपल्या मुलखात कोणी ते करताना अल-झहरावींनी पाहिलं नव्हतं. या मुलीवरून त्यांनी निष्कर्ष काढला की तिथे छेद घेतल्याने माणूस मरतोच असं नाही. पुढे 12 व्या शतकात इशबिलियाच्या इब्न झुहर यांनी हीच गोष्ट बकरीवर करून पाहिली. आधी निरीक्षण, मग प्रयोग. संशोधन म्हणतात ते याहून वेगळं काय असतं?

दुसऱ्यांच्या चुकाही त्यांनी झाकल्या नाहीत. एका अडाणी वैद्याने बाईच्या मानेवरची गाठ कापताना धमनी कापली आणि ती त्याच्या हातातच गेली, हे त्यांनी शिष्यांसाठी मुद्दाम नोंदवलं. शरीररचना नीट शिकल्याशिवाय हत्यार हाती धरू नका, पैशाच्या लोभाने जोखीम घेऊ नका, हा त्यांचा आग्रह होता.

इ.स. 1013 च्या सुमारास ते गेले. त्यांचा शस्त्रक्रियेचा भाग 12 व्या शतकात तुलैतुला इथे जेरार्ड ऑफ क्रेमोना यांनी लॅटिनमध्ये नेला, 1497 मध्ये तो व्हेनिसला छापला गेला आणि युरोपातले सर्जन तो शतकानुशतके वाचत राहिले.

आपल्या मोठ्या माणसांची नावं आपण अभिमानाने घेतो, घ्यायलाच हवीत. पण त्यांची शिस्तही मुलांना सांगूया: नीट बघा, खरं तेच लिहा, आणि जे येत नाही त्याला हात लावण्याआधी शिका.