पाव्हियाचा पराजित : राजा पहिला फ्रान्सिस

रणांगणावर शत्रूच्या हाती जिवंत सापडलेल्या राजाचे नाव कलावंतांनी शतकानुशतके कृतज्ञतेने घ्यावे, असे भाग्य क्वचितच कोणाला लाभते. फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्सिस हा अशा थोड्यांपैकी एक होय.

१२ सप्टेंबर १४९४ रोजी कोन्याक येथे त्याचा जन्म झाला. बाराव्या लुईस पुत्र नव्हता. त्यामुळे त्याचा आप्त व जावई असलेला फ्रान्सिस १५१५ च्या आरंभी, विसाव्या वर्षी गादीवर आला. त्याच वर्षी मारिन्यानो येथे स्विस पायदळाचा पराभव करून त्याने मिलान जिंकले. लिओनार्दो दा व्हिन्चीला आंब्वाझ येथे वाडा व वेतन देऊन त्याने सन्मानाने ठेवून घेतले. तेथेच १५१९ साली त्या महापुरुषाचा अंत झाला.

त्याच १५१९ साली सम्राटपदाच्या निवडणुकीत स्पेनच्या चार्ल्सने फ्रान्सिसवर मात केली. स्पेन, नेदरलँड्स व नेपल्स चार्ल्सच्या हाती असल्याने फ्रान्सला चोहोबाजूंनी वेढा पडल्यासारखे झाले, आणि दोघांचे हाडवैर जडले.

१५२४ च्या अखेरीस फ्रान्सिसने पाव्हियाला वेढा दिला. २४ फेब्रुवारी १५२५ च्या पहाटे सम्राटाचे सैन्य शिकारीच्या उपवनाची भिंत फोडून आत शिरले. फ्रेंच तोफांचा मारा उत्तम चालला होता. परंतु ठेका बसण्याआधीच तान घेणाऱ्या उतावळ्या गवयाप्रमाणे राजाने घोडदळासह मुसंडी मारली आणि तो आपल्याच तोफांच्या तोंडासमोर आला. तोफा थांबल्या, स्पॅनिश बंदूकवाल्यांनी चिलखती सरदार टिपून काढले. राजाचा घोडा पडला व तो कैद झाला. दूर स्पेनमध्ये असलेल्या चार्ल्सचा त्या दिवशी पंचविसावा वाढदिवस होता!

माद्रिदच्या कैदेत जानेवारी १५२६ मध्ये फ्रान्सिसने बर्गंडी देण्याच्या तहावर शपथपूर्वक सही केली. मार्चमध्ये बिदासोआ नदीत राजाची सुटका झाली, ती आठ वर्षांचा थोरला व सात वर्षेही पूर्ण न झालेला धाकटा असे दोन पुत्र ओलीस देऊन. सुटताच त्याने तह झुगारला. मुले चार वर्षे स्पेनमध्ये खितपत पडली आणि त्यांची कैद कडक झाली. अखेर १५२९ च्या कांब्रे येथील तहान्वये वीस लक्ष सुवर्णमुद्रांचा दंड ठरला, व पुढील वर्षी ती परतली.

क्लेमाँ जानकँ या रचनाकाराचे मारिन्यानोच्या विजयावरचे म्हणून ओळखले जाणारे युद्धगीत या संदर्भात ध्यानात घेण्याजोगे आहे. वाद्य एकही नाही. चार कंठ केवळ बोलांनी तुताऱ्या, नगारे व तोफा उभ्या करतात. पखवाजाचे बोल तोंडाने म्हणणाऱ्या आपल्या लोकांना त्यातली गंमत सहज उमगेल. हे गीत पॅरिसमध्ये छापले गेले १५२८ साली. विजयाचे सूर राजधानीत घुमत होते, तेव्हा राजपुत्र परक्या मुलखात बंदिवान होते.

मुले परतली त्या १५३० सालीच राजाने ग्रीक व हिब्रू भाषांचे अध्यापक नेमले. त्यांतूनच पुढे ‘कॉलेज द फ्रान्स’ ही विख्यात संस्था झाली. आल्बेर्तो दा रिपा या इटालियन ल्यूटवादकास त्याने मानाने पदरी ठेवले. १५३९ साली न्यायालयांतील लॅटिनची जागा फ्रेंचला दिली.

३१ मार्च १५४७ रोजी त्याचे निधन झाले. थोरला पुत्र १५३६ सालीच वारला होता. धाकटा दुसरा हेन्री म्हणून गादीवर आला, आणि त्यानेही चार्ल्सशी युद्ध आरंभिले. राजाश्रयाचे ऋण आम्हां संगीतव्यवसायी माणसांना विसरता येत नाही. परंतु फ्रान्सिसच्या औदार्याचा हिशेब मांडताना त्या दोन बालकांची चार वर्षेही त्यात धरावीच लागतात.