महात्मा जोतीराव फुले : दुखण्यातील धैर्याचा एक कित्ता

महोत्सवाच्या स्मरणिकेत संतांची चरित्रे असावीत, ही रीत आहे आणि ती उत्तम आहे. परंतु या अंकात आमच्या हडपसरच्या भूमीशी निकट संबंध असलेल्या एका थोर पुरुषाचे चरित्र थोडक्यात सांगावे, असे योजिले आहे. ते महात्मा जोतीराव फुले होत. ते आपल्या धर्ममंडळाचे नव्हते. तथापि सद्गुण जेथे आढळेल तेथे त्याचा आदर करावा, ही आपल्या धर्माचीच शिकवण आहे. त्यांच्या सामाजिक कार्याविषयी पुष्कळांनी लिहिले आहे. येथे विशेष विचार करावयाचा आहे तो त्यांच्या अखेरच्या अडीच वर्षांचा. कारण आपल्या धर्मग्रामातील पुष्कळ वडील मंडळी आज अशाच दिवसांतून जात आहेत. कोणी मोरीत पाय घसरून खुब्याचे हाड मोडून घेतले आहे, कोणास अर्धांगाने गाठले आहे, कोणी नुसत्या भीतीने उंबरठा ओलांडीत नाही. त्यांच्या हाती हे चरित्र पडावे, एवढाच या लेखाचा हेतू.

जोतीरावांचा जन्म ११ एप्रिल १८२७ रोजी झाला. त्यांचे घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातील कटगुणचे. पुण्यास त्यांच्या वडिलांचा, गोविंदरावांचा, फुलांचा व भाजीपाल्याचा धंदा असे. मूल वर्षाचे होते न होते तोच आई चिमणाबाई वारल्या, आणि सगुणाबाई नावाच्या नात्यातील बाईंनी त्यांस वाढविले. लोकांच्या सांगण्यावरून वडिलांनी मुलाची शाळा मध्येच बंद केली होती. परंतु गफ्फार बेग मुनशी व लिजीटसाहेब या दोन शेजाऱ्यांनी गोविंदरावांचे मन वळविले, आणि १८४१ साली जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत दाखल झाले. तत्पूर्वीच १८४० साली नायगावच्या सावित्रीबाईंशी त्यांचा विवाह झाला होता.

१८४८ साली बुधवार पेठेतील भिड्यांच्या वाड्यात त्यांनी मुलींची शाळा काढली. सावित्रीबाई तेथे शिकवू लागल्या. लोकक्षोभामुळे वडिलांचे घर सोडावे लागले, तरी उभयतांनी काम सोडले नाही. पुढे अस्पृश्यांच्या मुलांकरिता शाळा निघाल्या. १८५२ साली विश्रामबाग वाड्यात सरकारतर्फे जोतीरावांचा सत्कार झाला. १८६३ साली त्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, १८६८ साली आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांस खुला केला, आणि २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाजाची स्थापना केली. १८७६ पासून काही वर्षे ते पुणे नगरपालिकेचे सभासद होते. याच माणसाने पुण्यानजीकच्या धरणाच्या कामास बांधकामाचे सामान पुरविण्याचे कंत्राट घेतले होते, आणि आपल्या शेजारच्या मांजरी गावी त्यांची शेतजमीन होती. शेतकऱ्यांच्या हलाखीवर त्यांनी जे पुस्तक लिहिले, ते अशा रीतीने माती हाताळलेल्या मनुष्याने लिहिले आहे.

हे सर्व सांगण्याचे कारण असे की, जोतीराव हे हातापायांनी राबणारे गृहस्थ होते. चालणे, बोलणे, लिहिणे, बांधणे यांतच त्यांचे आयुष्य गेले. अशा मनुष्याचे अंग लुळे पडले म्हणजे त्यास ते किती जड जात असेल, याची कल्पना ज्याने जन्मभर शेत नांगरले किंवा कारखान्यात यंत्र चालविले त्यालाच येईल.

११ मे १८८८ रोजी मुंबईस मांडवीच्या कोळीवाड्यात मोठी सभा भरली व जनतेच्या वतीने त्यांस महात्मा ही पदवी देण्यात आली. तेव्हा त्यांच्या वयास एकसष्ट वर्षे झाली होती. सन्मानाचा असा दिवस पाहून दोनच महिने लोटतात न लोटतात तोच, जुलै महिन्यात, त्यांस पक्षाघाताचा झटका आला व शरीराची उजवी बाजू निकामी झाली. ज्या हाताने आजवर लेखणी धरली तोच हात गेला. त्यांचे स्नेही डॉ. विश्राम रामजी घोले यांनी औषधोपचार केले. परंतु त्या काळी वैद्यकाची साधने तोकडी होती. दंडास पट्टा बांधून रक्तदाब मोजण्याचे यंत्रसुद्धा १८९६ साली, म्हणजे जोतीरावांच्या मृत्यूनंतर, निघाले. दुखण्यात भर म्हणून घरात पैसा उरला नव्हता. जे मिळविले ते लोककार्यात खर्ची पडले होते. मामा परमानंद यांस बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे या कुटुंबासाठी मदतीची विनंती करावी लागली, यावरून ओढगस्तीची कल्पना येईल.

आता अशा वेळी मनुष्य काय करतो? बहुधा तो भिंतीकडे तोंड करून पडतो. आपला काळ संपला, आपण आता घरावर ओझे झालो, असे तो स्वतःस सांगतो, आणि पुढे ते खरे होऊ लागते. जोतीरावांनी तसे केले नाही. एक मोठे पुस्तक लिहावयाचे त्यांच्या मनात होते. उजवा हात चालेना, तेव्हा त्यांनी डाव्या हाताने लिहावयास घेतले. वाचकांनी आजच एक ओळ डाव्या हाताने लिहून पाहावी, म्हणजे एका पानास किती श्रम पडत असतील हे ध्यानात येईल. अशा रीतीने १८८९ साली सार्वजनिक सत्य धर्म पुस्तक लिहून पुरे झाले. ते छापून निघालेले पाहणे मात्र त्यांच्या नशिबी नव्हते. १८९१ साली त्यांचे दत्तक पुत्र यशवंतराव यांनी ते प्रसिद्ध केले.

या पुस्तकातील सर्वच मते आपणांस मान्य होतील असे नाही. जोतीराव मिशनच्या शाळेत शिकले, प्रभू येशूविषयी त्यांच्या मनात आदर होता, तरी त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला नाही. जगाचा एकच निर्मिक मानून ते आपल्या वाटेने गेले. परंतु एकाच घरात नवरा, बायको, मुलगा व मुलगी यांनी निरनिराळे धर्म पाळूनही प्रेमाने नांदावे, असे चित्र त्यांनी या ग्रंथात रेखाटले आहे. अर्धे शरीर मेलेले असता ज्याच्या मनात कडवटपणाऐवजी असा विचार येतो, त्याचे मन निरोगी होते असेच म्हटले पाहिजे.

आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. आजारपणातही त्यांनी संसारातील आनंदाचे प्रसंग पुढे ढकलले नाहीत. ४ फेब्रुवारी १८८९ रोजी यशवंतरावांचा विवाह सत्यशोधक पद्धतीने झाला. वधू होती आपल्या हडपसरच्या ग्यानोबा ससाणे यांची कन्या. घरात रोगी आहे म्हणून दारावर तोरण लावू नये, असे जोतीरावांस वाटले नाही. आमच्याकडे पुष्कळदा उलट होते. आजोबा अंथरुणावर म्हणून नातवाचे लग्न लांबते, आणि मग आजोबांस वाटते की आपल्यामुळे घराचे सुख अडले.

तथापि धैर्य म्हणजे दुखणे बरे होणे नव्हे. जोतीरावांचा हात पूर्ववत झाला नाही. आजार वाढत गेला आणि २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांनी देह ठेविला. हे स्पष्ट सांगितले पाहिजे. कारण आजाऱ्याच्या उशाशी बसून सर्व काही ठीक होईल असे पोकळ आश्वासन देणे ही खरी आशा नव्हे. जे गेले ते गेले, जे उरले आहे ते कोणाच्या उपयोगी पडेल, हे विचारणे ही खरी आशा. जोतीरावांपाशी डावा हात उरला होता. कोणापाशी नुसती वाणी उरते, कोणापाशी केवळ प्रार्थना. यांपैकी काहीही क्षुद्र नाही.

त्याचबरोबर हेही ध्यानात ठेवावे की, जोतीराव एकटे नव्हते. सावित्रीबाईंनी रात्रंदिवस त्यांची शुश्रूषा केली, मित्रांनी धावपळ केली, आणि त्यांनी ती मदत स्वीकारली. जन्मभर दुसऱ्यास दिलेल्या मनुष्याला घेणे कठीण जाते. काठी हाती धरण्याची लाज वाटते, मुलास हाक मारण्याचा संकोच वाटतो, आणि रात्री अंधारात एकट्याने उठताना तोल जातो. वडीलधाऱ्यांनो, काठी ही कमीपणाची खूण नव्हे. न्हाणीघरात धरावयास दांडी लावून घ्या, ओली फरशी पुसून घ्या, रात्री दिवा मालवू नका. आणि एकाएकी तोंड वाकडे झाले, हात गळला किंवा बोलणे अडखळले, तर उजाडण्याची वाट न पाहता तत्काळ मोठ्या इस्पितळात जा. मेंदूतील रक्ताची गुठळी विरघळविणारे औषध जोतीरावांच्या काळी नव्हते, आज आहे. परंतु ते साधारणतः पहिल्या साडेचार तासांच्या आतच द्यावे लागते.

पतीच्या निधनानंतर सावित्रीबाई खचल्या नाहीत. अंत्ययात्रेत टिटवे हाती धरून त्या स्वतः पुढे चालल्या. १८९७ साली पुण्यात प्लेगने कहर केला, तेव्हा वैद्यकी शिकलेल्या यशवंतरावांनी येथे हडपसरच्या ससाणे मळ्यात रोग्यांसाठी दवाखाना उघडला. सावित्रीबाईंच्या वयास सहासष्ट वर्षे झाली होती. त्या वयात, मुंढव्याच्या महारवाड्यातील एका आजारी मुलास पाठीवर घेऊन त्यांनी या दवाखान्यात आणले, असे सांगतात. त्या सेवेतच त्यांस प्लेगची बाधा झाली व १० मार्च १८९७ रोजी त्यांचे देहावसान झाले. आज आपण ज्या रस्त्यांनी मिस्साबलिदानास येतो, त्यांच्या आसपासचीच ही भूमी आहे.

प्रिय बंधुभगिनींनो, या महोत्सवी वर्षात आपण मंदिरास रंग देऊ, दीपमाळा लावू, ते योग्यच आहे. परंतु प्रत्येक कुटुंबाने आपल्या गल्लीतील एका तरी अंथरुणास खिळलेल्या माणसाच्या घरी जावे, त्यास बाहेरची बातमी सांगावी व त्याच्याकडूनही एखादे काम मागावे. मुलांस गणिते शिकविणे असो, जुन्या धर्मग्रामाची हकीकत सांगणे असो, कोणासाठी जपमाळ म्हणणे असो. आणि जे स्वतः आजारी आहेत त्यांनी धर्मगुरूस निःसंकोच बोलवावे. आजाऱ्यांचा अभ्यंग संस्कार केवळ मरणाच्या दारी घ्यावयाचा नाही, तो जगण्याच्या बळासाठीही आहे. उजवा हात थकला तर डावा पुढे करावा. प्रभूस कोणत्याही हाताने केलेले काम चालते.