शंभर मीटर रस्त्यांचे इंजिनिअर : जुरो ताबुची



साकुरा फुलला की आपल्यापैकी बरेचजण हेइवा पार्कला जातात. पहिल्या वर्षी आम्ही तिथे डबे उघडून बसलो आणि टेकडीवर पाहतो तर जिकडे तिकडे थडगीच! एवढी थडगी एकाच जागी कशी, हे शोधताना मला जुरो ताबुची सापडले. आपण रोज ज्या नागोयात फिरतो, ते बरेचसे त्यांनी आखलेले आहे.

ताबुचींचा जन्म १८९० चा. टोकियो इंपीरियल विद्यापीठातून ते सिव्हिल इंजिनिअर झाले आणि बरीच वर्षे सरकारी नोकरीत नद्यांची कामे केली. १९४५ च्या बॉम्बहल्ल्यांत नागोयाचा सुमारे चौथा भाग जळाला. १४ मे रोजी किल्लाही गेला. युद्ध संपताच महापौरांनी शहर पुन्हा उभारायला ताबुचींना बोलावले. तेव्हा त्यांचे वय ५५ होते.

शहरात जेमतेम सहा लाख लोक उरले होते, अनेकजण खोपटात राहत होते आणि खायचे हाल होते. अशा वेळी ताबुचींनी आराखडा केला तो २० लाख लोकांसाठी! त्यात १०० मीटर रुंदीचे दोन रस्ते होते: उत्तर-दक्षिण हिसाया ओदोरी आणि पूर्व-पश्चिम वाकामिया ओदोरी. एका बाजूची आग दुसरीकडे पोचू नये हा हेतू. असे रस्ते टोकियोनेही ठरवले होते, पण पैशाअभावी रद्द झाले. नागोयाने ते करून दाखवले.

जमीन कुठून आणली? प्रत्येक मालकाने आपल्या जागेचा थोडा हिस्सा सोडायचा आणि उरलेला प्लॉट नव्या आखणीत घ्यायचा. आपल्याकडे १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्याने विलेपार्ले, सांताक्रूझला टी.पी. स्कीम झाल्या, त्यातलाच हा प्रकार.

सगळ्यात अवघड काम होते थडग्यांचे. शहरात सुमारे २८० मंदिरांची स्मशाने होती. मंदिरे जागेवर ठेवून पावणेदोन लाखांहून जास्त थडगी शहराबाहेरच्या टेकड्यांवर न्यायची होती. पितरांना हलवायचे म्हणजे काय, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. विरोध झाला, पण मंदिरांना आणि घरांना पटवत पटवत काम झाले. तेच आजचे हेइवा पार्क.

ताबुची पुढे उपमहापौर झाले. १९६६ मध्ये शहराने त्यांना मानद नागरिक केले. १९७४ मध्ये ते गेले.

मी स्वतः इंजिनिअर असल्याने हा आराखडा पाहून थक्क होतो. पण एक गोष्ट खटकते. अशा योजनेत जमीनवाल्याला छोटा का होईना प्लॉट मिळतो आणि त्याची किंमतही वाढते. ज्याच्याकडे जमीनच नाही, त्याला फक्त उठावे लागते. १९५९ च्या इसेवान वादळात सर्वाधिक माणसे गेली ती दक्षिणेच्या सखल भागात, जिथे कामगारांची घरे होती. २००५ मध्ये आयची एक्स्पोच्या आधी वाकामिया ओदोरीजवळच्या शिराकावा पार्कमधून बेघरांचे तंबू महापालिकेने हटवले. याचा दोष ताबुचींना देता येणार नाही. तरी रुंद रस्ता सगळ्यांचा असला, तरी शहर सगळ्यांचे होतेच असे नाही.

आपणही इथे बहुतेक भाडेकरूच. त्या टेकडीवर आपले कोणी नाही. तरी रविवारी हिसाया ओदोरीच्या झाडांखाली मुले मनसोक्त धावतात, तेव्हा हे शहर थोडे आपलेही वाटते. त्यासाठी कोणीतरी जमीन सोडली, कोणी आजोबांचे थडगे हलवू दिले.

पुढच्या वर्षी साकुरा बघायला गेलात, तर डबा उघडण्याआधी त्या थडग्यांना एक नमस्कार जरूर करा!