शनिवारवाडा जळाला, मेणवलीचा वाडा मात्र टिकला : लाकडी वाड्यांतून नाना फडणवीसांची गोष्ट

पुण्याचा शनिवारवाडा बघायला गेलं की दिल्ली दरवाजा दिसतो, तट-बुरूज दिसतात आणि आत गेल्यावर नुसती दगडी जोती. वाडा कुठे आहे, असं मुलं हमखास विचारतात. वाडा लाकडाचा होता, तो जळाला.

आता वाईपासून तीनेक किलोमीटरवर मेणवलीला जा. कृष्णेच्या काठावर नाना फडणवीसांचा वाडा आजही उभा आहे. तोही लाकडाचाच. तेच सागवान, तशाच तुळया आणि तसेच चौक.

या दोन्ही वाड्यांशी ज्यांचं आयुष्य बांधलं गेलं होतं ते नाना. शनिवारवाड्यात त्यांनी राज्य चालवलं आणि मेणवलीत स्वतःचं घर बांधलं. नानांचं राजकारण आपण शाळेपासून ऐकत आलोय. आज त्यांची गोष्ट त्यांच्या वाड्यांच्या बाजूने बघू.

वेळासचे भानू

नानांचं खरं नाव बाळाजी जनार्दन भानू. घराणं मूळचं कोकणातल्या वेळासचं. आजोबा बाळाजी महादेव हे पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ यांच्याबरोबर देशावर आले. 1719 साली पेशवे दिल्लीला गेले असताना तिथल्या दंगलीत आजोबांचा जीव गेला. पुढे भानूंच्या घरात फडणिशी आली.

फडणीस म्हणजे कोण? सरकारी फडाचा, म्हणजे हिशेबाच्या कचेरीचा प्रमुख. कुठल्या परगण्यातून किती वसूल आला, कुठल्या सरदाराला किती दिलं, कुठल्या किल्ल्यावर किती धान्य आहे, हे सगळं त्याच्या दप्तरात असायचं. तलवार नसलेल्या माणसाच्या हातात असलेली ही मोठी ताकद होती.

नानांचा जन्म 12 फेब्रुवारी 1742 चा, साताऱ्याचा. वडील लवकर गेले आणि अगदी कोवळ्या वयात फडणिशी त्यांच्याकडे आली. त्याआधी दहा वर्षं, म्हणजे 1732 मध्ये, पहिल्या बाजीरावांचा शनिवारवाडा बांधून झाला होता. सागवान जुन्नरच्या जंगलातून, दगड चिंचवडच्या खाणीतून आणि चुना जेजुरीहून आणला होता. पहिल्या बांधकामाचा खर्च 16,110 रुपये सांगितला जातो. नाना कामाला लागले तेव्हा या वाड्यात आणखी चौक, महाल आणि कारंजी यांची भर पडत होती.

पानिपतातून परत

नाना अठरा वर्षांचे असताना सदाशिवरावभाऊंबरोबर उत्तरेत गेले. सोबत आई होती. तीर्थयात्राही घडेल, असा विचार होता. 14 जानेवारी 1761 ला पानिपतावर सगळं उधळलं. आईची ताटातूट झाली आणि ती परत भेटली नाही. नाना वेष टाकून, उपाशीतापाशी, पायी वाट काढत कसेबसे दक्षिणेत आले. हे सगळं त्यांनी स्वतः आत्मचरित्रात लिहून ठेवलंय. मराठीतल्या सुरुवातीच्या आत्मचरित्रांत त्याची गणना होते.

पुढच्या आयुष्यात नाना रणांगणापेक्षा दप्तरातच जास्त रमले. सावध, मोजून बोलणारे, चारी बाजूंनी बातमी काढणारे. माधवराव पेशव्यांच्या काळात त्यांचा हात कारभारावर बसला. याच काळात त्यांनी पुण्यात बेलबाग मंदिर उभं केलं. 1760 च्या दशकातलं हे विष्णुमंदिर आजच्या लक्ष्मी रस्त्याजवळ आहे आणि त्याचा सभामंडप लाकडी आहे.

वाड्यातला खून आणि बारभाई

1772 मध्ये माधवराव क्षयाने गेले. धाकटे भाऊ नारायणराव पेशवे झाले आणि 30 ऑगस्ट 1773 ला शनिवारवाड्यातच गारद्यांनी त्यांचा खून केला. राज्यातलं सगळ्यात बंदोबस्ताचं घर आपल्या धन्याला वाचवू शकलं नाही.

खुनामागे असलेल्या राघोबादादांना गादी मिळू नये म्हणून नाना, सखारामबापू बोकील, हरिपंत फडके आणि इतर कारभारी एकत्र आले. हेच बारभाई. नारायणरावांच्या गरोदर पत्नी गंगाबाईंना पुरंदरावर नेलं. तिथे 18 एप्रिल 1774 ला सवाई माधवराव जन्मले. चाळीस दिवसांच्या बाळाला पेशवाईची वस्त्रं मिळाली आणि कारभार नानांच्या हाती आला.

राघोबा इंग्रजांकडे गेले, त्यातून पहिलं इंग्रज-मराठा युद्ध झालं. जानेवारी 1779 मध्ये वडगावला इंग्रज फौजेची कोंडी झाली. 1782 मध्ये सालबाईचा तह झाला. पुढची वीस वर्षं इंग्रजांना पुण्याच्या राजकारणात मोकळा शिरकाव मिळाला नाही.

मेणवलीचं घर

मेणवली गाव नानांना 1768 मध्ये इनाम मिळालं. तिथे त्यांनी वाडा, कृष्णेवर अर्धचंद्राकृती घाट आणि घाटाला लागून मेणेश्वराचं देऊळ बांधलं. वाडा साधारण 1780 च्या सुमाराचा.

घाटावरच्या देवळाशी एक मोठी पंचधातूची घंटा टांगली आहे. तिच्यावर मेरी आणि बाळ येशूची आकृती आहे आणि 1707 हे साल आहे. चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेतून ती आल्याचं सांगितलं जातं. आजच्या पालघर जिल्ह्यातला हा सगळा किनारा त्या मोहिमेत मराठ्यांकडे आला. आधी जानेवारी 1739 मध्ये माहीम, केळवे आणि तारापूरचे किल्ले, मग मे महिन्यात वसई.

वाड्याला बाहेरून बघितलं तर उंच भिंत आणि भक्कम दरवाजा एवढंच दिसतं. खिडक्या कमी. आत गेलं की चित्र बदलतं. एकामागून एक असे सहा चौक, त्यांच्या भोवती सागवानी खांबांच्या ओसऱ्या, वरच्या मजल्यावर दिवाणखाना आणि भिंतींवर रंगीत चित्रं. बाहेरच्याला काही दिसू नये आणि आतल्याला उजेड, वारा, पाणी सगळं मिळावं, अशी ही मांडणी. नानांचा स्वभाव ओळखणाऱ्याला ती नवल वाटणार नाही.

असा वाडा उभा कसा राहतो?

भिंतीच घर पेलतात, असं आपण समजतो. वाड्यात भार पेलतो तो मुख्यतः लाकडी सांगाडा. तो समजून घेऊ.

खाली दगडी जोतं. त्यावर प्रत्येक खांबासाठी कोरलेला दगड, म्हणजे उथळा. खांब जमिनीत पुरत नाहीत, उथळ्यावर उभा करतात. त्यामुळे ओल वर चढत नाही. खांबाच्या डोक्यावर दोन्ही बाजूंना पसरलेला लाकडी हस्त, त्यावर तुळई. हस्तामुळे तुळईला मधे कमी अंतर तोलावं लागतं. तुळयांवर आडव्या कड्या, कड्यांवर पाट आणि पाटांवर मातीचा थर. याला म्हणतात कडीपाट. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे खण. जुन्या काळी घर किती मोठं, हे चौरस फुटांत नाही तर खणांत सांगत.

सांधे कसे? एका लाकडाचं टोक तासून दुसऱ्यातल्या खाचेत बसवायचं आणि वर लाकडी खुंटी मारायची. धरणी हलली तर असा सांधा किंचित सरकतो, एकदम तुटत नाही.

आणि महत्त्वाचं म्हणजे लाकूड उघडं ठेवायचं. सुरूच्या झाडासारखा निमुळता खांब, केळफुलाचं नक्षीकाम, महिरपी, हे सगळं दिसण्यासाठी होतंच. पण उघड्या लाकडाला वारा लागतो, भिजलं तर ते सुकतं. लाकडातली ओल साधारण 20 टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरते. शिवाय वाळवी, भेग किंवा कूज उघड्यावर लगेच दिसते. गिलाव्याखाली झाकलेलं लाकूड आतून पोखरलं तरी कळत नाही. सागात नैसर्गिक तेल असतं, त्यामुळे वाळवी त्याला सहज लागत नाही. पण सतत ओल राहिली तर सागही हरतो.

पालघर-बोईसर पट्ट्यात जुनं कौलारू घर असेल तर हे सगळं तिथेही बघायला मिळेल. जव्हार-विक्रमगडच्या बाजूला सागाची जंगलं आहेत. फरक एवढाच, की किनाऱ्यावर पाऊस कितीतरी जास्त. म्हणून मातीचं धाबं नाही, उतरतं कौलारू छप्पर आणि भिंतीच्या पुढे आलेल्या पागोळ्या.

मग शनिवारवाडा का जळाला?

जाड लाकूड आणि पातळ लाकूड आगीत सारखं वागत नाही. जाड खांब पेटला की बाहेरून कोळशाचा थर धरतो आणि हा थर आतल्या लाकडाला उष्णतेपासून वाचवतो. आग मिनिटाला साधारण अर्धा ते पाऊण मिलिमीटर आत सरकते. म्हणजे फूटभर जाडीचा खांब चारी बाजूंनी अर्धा तास जळला, तरी त्याचा जवळपास पाऊण भाग शाबूत असतो. इंचभर जाडीची फळी मात्र दोन्ही बाजूंनी वीसेक मिनिटांत संपते.

शनिवारवाड्यात मोठ्या खांबांच्या जोडीला फळ्या, छतं, जाळ्या, पडदे आणि मजल्यावर मजले होते. त्याआधीही तिथे आगी लागल्या होत्या. 27 फेब्रुवारी 1828 ला लागलेली आग सात दिवस चालली असं सांगतात. इतका वेळ मिळाला तर जाड खांबही टिकत नाही. तोवर पेशवाई संपून दहा वर्षं झाली होती. घर होतं, पण घरधनी नव्हता.

नानांची शेवटची वर्षं

मार्च 1795 मध्ये खर्ड्याला मराठ्यांनी निजामाला नमवलं. नानांच्या कारभाराचा हा कळस. सातच महिन्यांत सवाई माधवराव शनिवारवाड्याच्या सज्जातून कारंजावर पडले आणि 27 ऑक्टोबरला गेले. एकवीस वर्षांचा पेशवा आणि त्याला वारस नाही. तरुण पेशव्याला नानांनी फारच करड्या नजरेखाली ठेवलं होतं, हा आरोप तेव्हापासून आजपर्यंत होत आलाय.

नंतर गादीवर आले राघोबांचे पुत्र दुसरे बाजीराव. नाना आणि त्यांच्यात विश्वास कधीच नव्हता. 31 डिसेंबर 1797 ला दौलतराव शिंद्यांच्या फौजेने नानांना पकडलं आणि अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवलं. काही महिन्यांनी सुटून ते पुन्हा कारभारात आले, पण पूर्वीची पकड उरली नव्हती. 13 मार्च 1800 ला पुण्यात त्यांचं निधन झालं. तीन वर्षांच्या आत, 31 डिसेंबर 1802 ला, दुसऱ्या बाजीरावांनी इंग्रजांशी तह केला. तोही चिमाजी अप्पांनी जिंकलेल्या वसईतच.

नानांच्या विधवा पत्नी जिऊबाई यांनी काही काळ लोहगडाचा आसरा घेतला. पुढे मेणवलीचा वाडा त्यांच्याकडे राहिला आणि त्यानंतर वंशजांकडे.

काय टिकलं?

मेणवलीच्या वाड्यात नानांची कागदपत्रं होती. इतिहाससंशोधक द. ब. पारसनीस यांच्यामुळे ती अभ्यासकांसमोर आली. हेच मेणवली दप्तर, ते आता पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आहे. पेशवाईच्या उत्तरार्धाचा इतिहास लिहायचा तर त्याला वळसा घालता येत नाही. वाडा गळला असता किंवा पेटला असता, तर हे कागदही गेले असते.

पुण्यात शनिवारवाड्याजवळचा नानावाडाही शिल्लक आहे. त्यात नंतर शाळा भरली. 1879 च्या जाळपोळीत बुधवारवाडा गेला, विश्रामबागवाड्याचा काही भाग जळाला. बाकी कितीतरी वाडे मात्र आगीने गेलेच नाहीत. भाऊबंदकीत वाटण्या झाल्या, कौलं फुटली ती कोणी बदलली नाहीत, तुळईचं टोक भिंतीत कुजत राहिलं आणि एका पावसाळ्यात घर बसलं.

आज जगात पुन्हा जाड लाकडाच्या इमारती उभ्या राहताहेत. अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात 2022 मध्ये पंचवीस मजल्यांची अशी इमारत पूर्ण झाली. खालचे मजले काँक्रीटचे, वर लाकडी सांगाडा. लाकडाचे थर चिकटवून केलेल्या तुळया आणि आगीचं आधीच मांडलेलं गणित, हे त्यातलं नवं. जाड लाकूड, ओलीपासून दूर आणि शक्य तिथे उघडं, हे मात्र मेणवलीच्या सुतारांनाही ठाऊक होतं.

मेणवलीला गेलात तर चित्रं बघाच, पण एखाद्या खांबाच्या तळाशीही वाकून बघा. उथळा कोरडा आहे का, लाकडाला भुसा पडतोय का. घरी जुने खांब असतील तर तिथेही पावसाळ्याआधी आणि नंतर एकदा एवढंच तपासायचं, आणि फुटकं कौल त्याच आठवड्यात बदलायचं.