मारीचा हट्टी मुलगा

सात कोरियन मुलं आमच्या घरात राहायला आली तेव्हा मला कुणी विचारलंसुद्धा नाही. आधी ती कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटली होती. मग बाहेर आली, आणि लेक दहावीत गेली तोवर अभ्यासाच्या टेबलावरची अख्खी भिंत त्यांची झाली. कुणाचे केस गुलाबी, कुणाचे निळे. मला ती सगळी एकाच आईची वाटायची. लेक मात्र नुसत्या आवाजावरून एकेकाला ओळखायची. बीटीएस हे नाव एव्हाना तुमच्याही घरात पोहोचलं असेलच, वयात आलेली मुलगी असेल तर नक्कीच!

दहावीला तिला भरपूर मार्क पडले आणि आम्ही तिला दुसऱ्या शहरातल्या एका नावाजलेल्या क्लासला घातलं. हॉस्टेल, दर रविवारी परीक्षा, भिंतीवर नंबरांची यादी. फीसाठी ह्यांनी सोसायटीचं कर्ज काढलं. दिवाळी होऊन तीन आठवडे झाले असतील, एका मंगळवारी संध्याकाळी पोरगी एसटीतून उतरली आणि चालत घरी आली. क्लासला सांगितलं नव्हतं, आम्हालाही नाही. हॉस्टेलवरून फोन आला होता तेव्हापासून पाच तास माझे कसे गेले ते मलाच ठाऊक. ती दारात दिसली आणि जीव भांड्यात पडायच्या ऐवजी माझा तोल गेला. काय वाट्टेल ते बोलले. सासूबाईंनी तेवढं तिला आत नेलं, पिठलं टाकलं, भाकरी वाढली आणि एक प्रश्न विचारला नाही. रात्री मी भिंतीवरचं पोस्टर ओढून काढलं. एक कोपरा फाटला.

तिच्या बॅगेत फिजिक्सच्या पुस्तकाखाली एक पातळसं इंग्रजी पुस्तक सापडलं. ‘डेमियन’, लेखक हर्मन हेस. पानोपानी पेन्सिलीच्या रेघा. हे कुठून आलं विचारलं तर म्हणाली, बीटीएसमुळे. २०१६ साली त्यांचा ‘विंग्ज’ नावाचा अल्बम आला, तो म्हणे या कादंबरीवरून सुचलेला. त्याच्या आधी त्यांनी छोट्या छोट्या फिल्म काढल्या, त्यांत ह्याच पुस्तकातले उतारे वाचलेत. गाण्याच्या व्हिडिओत काळ्या पंखांचा पुतळा आहे, तोही त्याच वळणाचा. म्हणजे जगभरातल्या लाखो पोरी गाण्याच्या नादानं शंभर वर्षांपूर्वीची जर्मन कादंबरी विकत घेत होत्या! मला कौतुक नाही वाटलं. मला वाटलं, सापडला चोर. पोरीच्या डोक्यात हे पळून यायचं खूळ कुणी भरवलं ते आता कळेल. मी हायस्कूलला शिकवते, इंग्रजी वाचता येतं, पण सावकाश. रोज रात्री स्वयंपाकघरातला ओटा आवरला की पाच पानं, असं वाचायला घेतलं.

एमिल सिंक्लेअर नावाचा दहा वर्षांचा मुलगा. चांगलं, सोवळं, प्रार्थना म्हणणारं घर. आपणही काही कमी नाही हे दाखवायला तो एका दांडगट पोरापुढे फुशारकी मारतो, की मी सफरचंदं चोरली. चोरलेली नसतातच! पण तो पोरगा तेच धरून त्याला पैशासाठी पिळायला लागतो. मुलगा स्वतःचा गल्ला फोडतो, आजारी पडतो. आई उशाशी बसलेली असते आणि त्याला तिला काही सांगता येत नाही. इथं मी पुस्तक मिटलं. आमच्याही घरात आई उशाशी बसलेलीच होती की.

मग मी लेखकाच्या मागे लागले. आणि त्याच्या आईचा जन्म कुठला निघाला, तर केरळातल्या तेलिचेरीचा, म्हणजे आजच्या थलश्शेरीचा! मारी गुंडर्ट तिचं नाव, जन्म १८४२. तिचे वडील हर्मन गुंडर्ट हे बासेल मिशनचे धर्मप्रसारक. वीस वर्षं मलबारात राहून त्यांनी मल्याळम भाषेचं व्याकरण लिहिलं. त्यांचा मल्याळम-इंग्रजी शब्दकोश १८७२ साली निघाला, तो आजही मानला जातो. हेच ते बासेल मिशन, ज्यानं १८६५ मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना काढला. माझ्या माहेरी, आजोळी, सगळीकडे मंगलोरी कौलं होती. त्या कौलांच्या आणि माझ्या पोरीच्या पोस्टरच्या मध्ये असा धागा असेल हे मला कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

मारीची कहाणी मला मुलाच्या कहाणीइतकीच लागली. तीन-चार वर्षांची असताना आईवडिलांनी तिला युरोपात ठेवलं आणि स्वतः भारतात परतले. मिशनच्या कामात मुलं अशी मागे ठेवायची रीतच होती. पंधराव्या वर्षी ती पुन्हा जहाजानं भारतात यायला निघाली, वाटेत एका इंग्रज तरुणावर तिचं मन बसलं, आणि वडिलांनी ते मोडून टाकलं. पुढे तिनं एका मिशनऱ्याशी लग्न केलं. दोन मुलगे झाले आणि १८७० मध्ये नवरा वारला. मग जर्मनीत काल्व नावाच्या छोट्या गावी वडिलांच्या छापखान्या-प्रकाशनाच्या कामात हातभार लावायला आलेल्या योहानेस हेसशी १८७४ मध्ये दुसरं लग्न झालं. हा योहानेसही मंगळूरला चार वर्षं काढून, तब्येत खालावल्यानं परत गेलेला. २ जुलै १८७७ ला त्यांना मुलगा झाला. आजोबांचंच नाव ठेवलं, हर्मन.

पोरगं विलक्षण हट्टी. चार वर्षांचा असताना मारीनं पत्रात लिहून ठेवलंय, की ह्याच्यातली ताकद पाहून थक्क व्हायला होतं आणि ह्याच्याशी झगडताना माझा जीव थकून जातो. तो सहा वर्षांचा असताना बापाच्या मनात आलं होतं, की ह्याला दुसऱ्या कुणाच्या तरी हाती सोपवावं. सहा वर्षांचा! पण हुशारी अशी की सगळ्यांना एकच दिसायचं, परीक्षा. त्यांच्या राज्यात एक स्पर्धा परीक्षा असे. ती पास झालं की सरकारी खर्चानं शिक्षण आणि पुढे धर्मगुरूची कायमची नोकरी. ह्या परीक्षेला बसता यावं म्हणून त्याच्या बापानं मुलाचं नागरिकत्वसुद्धा बदलून घेतलं. आपण नाही का डोमिसाइलसाठी तहसील कचेरीच्या पायऱ्या झिजवत? १८९१ मध्ये हर्मन पास झाला आणि माउलब्रोनच्या जुन्या मठातल्या निवासी शाळेत गेला.

सहाच महिने टिकला. मार्च १८९२ मध्ये एके दिवशी दुपारी तो शाळेतून नाहीसा झाला. कडाक्याची थंडी, अंगावर ओव्हरकोट नाही, रात्र उघड्यावर काढली. दुसऱ्या दिवशी पोलिसानं त्याला परत आणलं. शाळेनं आठ तास कोठडीत बसवलं. मी हे वाचत होते तेव्हा शेजारच्या खोलीत दिवा चालू होता.

तो घरी आला तेव्हा आजोबांपुढे जायची त्याला फार भीती वाटत होती. एवढा मोठा विद्वान म्हातारा काय म्हणेल? म्हातारा हसला आणि मिस्कीलपणे म्हणाला, की काय रे, प्रतिभावंतांसारखी छोटीशी सहल करून आलास म्हणे! बस, एवढंच. हर्मननं पंचाहत्तरीच्या सुमाराला हे आठवून लिहिलंय. म्हणजे साठ वर्षं ते वाक्य त्यानं जपलं. मला सासूबाईंचं पिठलं आठवलं.

बाकीच्यांना मात्र तसं हसता आलं नाही. आईवडिलांनी त्याला प्रार्थनेनं बरं करणाऱ्या एका धर्मगुरूंकडे ठेवलं. तिथं, पंधरा वर्षंही पुरी नसताना, त्यानं जीव द्यायचा प्रयत्न केला. मग मतिमंद आणि फिट येणाऱ्या मुलांच्या संस्थेत. तिथून त्यानं बापाला जे पत्र लिहिलं त्याचा मायना असा होता, जसा एखाद्या परक्या साहेबाला लिहावा. मैत्रिणींनो, ही माणसं दुष्ट नव्हती हो. मारी रात्ररात्र प्रार्थना करायची. त्यांना खरोखर वाटत होतं, की मुलाची इच्छाशक्ती मोडली की मूल वाचेल. त्यांच्यासाठीही कुणी दुसरं काही केलं नव्हतं.

पुढे एका पुस्तकाच्या दुकानातून तो तीन दिवसांत पळाला. काल्वलाच घड्याळांच्या कारखान्यात हातात कानस घेऊन वर्षभराहून जास्त काम केलं. मनोऱ्यांवरची मोठाली घड्याळं व्हायची तिथं. गावातल्या लोकांनी काय काय म्हटलं असेल ते आपल्याला वेगळं सांगायला नको. १८९५ मध्ये ट्युबिंगन शहरातल्या एका पुस्तकाच्या दुकानात उमेदवारी धरली आणि ती मात्र पुरी केली. दिवसभर पुस्तकं बांधायची, रात्री वाचायची, लिहायची. १८९९ मध्ये छापलेलं लिखाण आईला पाठवलं, तिला ते पसंत पडलं नाही. १९०२ मध्ये कवितांचं पुस्तक आईला अर्पण केलं. ते छापून यायच्या आत, एप्रिलमध्ये, मारी गेली. मुलगा अंत्यविधीला गेला नाही.

या ओळीवर मी दोन दिवस अडकले होते. राग आला होता. आजही पुरता गेलेला नाही.

त्याचा राग यावा असं पुढेही आहेच. १९०४ मध्ये पहिल्या कादंबरीनं नाव झालं आणि त्याच वर्षी मारिया बेर्नुलीशी लग्न. ती त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी, बासेलमध्ये बहिणीबरोबर स्वतःचा फोटो स्टुडिओ चालवणारी! लग्नानंतर ती तळ्याकाठच्या खेड्यात आली, तीन मुलगे झाले, स्टुडिओ संपला. तिसरा मुलगा दीड-दोन महिन्यांचा असताना, १९११ मध्ये, हा गृहस्थ पूर्वेच्या प्रवासाला निघाला. सिलोन, सिंगापूर, सुमात्रा पाहिलं. आईच्या मलबारला मात्र पोहोचलाच नाही. लेखकांच्या चरित्रात बायकांच्या वाट्याला एवढीच ओळ येते, म्हणून मी ती मुद्दाम लिहिली.

मग १९१४ चं महायुद्ध. द्वेषाच्या आरोळ्या थांबवा असं त्यानं लिहिलं आणि जर्मन वर्तमानपत्रांनी त्याला देशद्रोही ठरवलं. तो बर्नमध्ये बसून युद्धकैद्यांना पुस्तकं पाठवत राहिला. १९१६ मध्ये वडील गेले, धाकटा मुलगा मरणाच्या दारात, बायकोचं मन आजारी. चाळिशीला टेकलेला तो माणूस स्वतःच कोसळला आणि एका डॉक्टरकडे मानसोपचार घ्यायला लागला. त्या उपचारांतून, १९१७ च्या शरदात, काही आठवड्यांतच ‘डेमियन’ लिहून झाली. मुलगा आईबापांच्या उजेडातल्या जगातून बाहेर पडतो. बाहेरच्या अंधाराला भितो, पण तोही आपलाच आहे हे हळूहळू ओळखतो. अंडं फोडून बाहेर येणाऱ्या पक्ष्याची प्रतिमा आहे त्यात, तीच बीटीएसच्या पंखांपर्यंत आली.

१९१९ मध्ये पुस्तक निघालं ते एमिल सिंक्लेअर या खोट्या नावानं. युद्धावरून परतलेल्या पोरांना वाटलं, आपल्यातलाच कुणी कोवळा मुलगा लिहितोय. नवोदित लेखकाचं बक्षीससुद्धा मिळालं! हेसला ते परत करावं लागलं.

त्यानंतरचं आयुष्य लांब आहे, मी भरभर सांगते. त्याच वर्षी तो एकटाच दक्षिण स्वित्झर्लंडमधल्या मोंतान्योला गावी गेला. मारिया इस्पितळात होती, मुलं दुसऱ्यांच्या घरी. आणखी दोन लग्नं, चित्रं, बागकाम. १९२२ मध्ये ‘सिद्धार्थ’. त्यावर १९७२ मध्ये सिनेमा निघाला, शशी कपूर आणि सिमी गरेवालचा. त्या गोष्टीत सिद्धार्थचा स्वतःचा मुलगा बापाला सोडून पळून जातो. बाप मागे धावतो आणि शहराच्या वेशीवरून रिकाम्या हातानं परततो. १९४६ मध्ये हेसला नोबेल मिळालं, घ्यायला तो गेलाच नाही. मोंतान्योलातच ९ ऑगस्ट १९६२ ला झोपेत गेला. जगभरची तरुण मुलं त्याला पत्रं लिहायची आणि तो हजारोंनी उत्तरं द्यायचा. काल्वच्या घरात तेवढी उत्तरं कुणी दिली नव्हती.

लेक आता आमच्याच गावच्या ज्युनियर कॉलेजात आहे. कर्जाचे हप्ते चालू आहेत, ह्यांचा अबोला संपलाय असंही म्हणवत नाही. ती त्या दिवशी का निघून आली ते तिनं अजून पुरतं सांगितलेलं नाही. एकदा भाकरी थापताना मी तिला माउलब्रोनची गोष्ट सांगितली, पोलीस, कोठडी आणि आजोबांसकट. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, त्या नंबरांच्या यादीत मी रोज रात्री स्वतःला शोधायचे. एवढंच म्हणाली आणि भाकरी उलटली.

पोस्टर पुन्हा लावलंय. फाटलेल्या कोपऱ्याला मीच चिकटपट्टी लावली. २०२२ ते २०२५ च्या काळात त्या साती जणांना एकेक करून त्यांच्या देशाची सक्तीची सेवा करावी लागली. पहिल्याचे केस कापलेला फोटो आला तेव्हा लेक रडली होती आणि मी हसले होते. ‘डेमियन’चा शेवटही म्हणे युद्धाशीच येतो. माझी अजून बावीस पानं राहिलीत. रोज रात्री ती विचारते, आई, कुठपर्यंत आलीस? शेवट आधी सांगायचा नाही, असं मी तिला बजावून ठेवलंय.