अर्ल मॅकफर्सन

अर्ल स्टील मॅकफर्सन (६ जुलै १८९१ – २६ जानेवारी १९६०) हे अमेरिकेतील मोटार अभियंते होते. मोटारगाडीच्या चाकांसाठी त्यांनी विकसित केलेली ‘मॅकफर्सन स्ट्रट’ ही सस्पेन्शनची रचना त्यांच्याच नावाने ओळखली जाते. लहान मोटारींच्या पुढच्या चाकांसाठी ती जगभर सर्रास वापरली जाते. ज्या गाडीसाठी ही रचना प्रथम आखण्यात आली, ती गाडी मात्र कधीच बाजारात आली नाही.

प्रारंभीचे जीवन

मॅकफर्सन यांचा जन्म अमेरिकेच्या इलिनॉय राज्यातील हायलँड पार्क या गावी झाला. १९१५ मध्ये त्यांनी इलिनॉय विद्यापीठाची पदवी घेतली व डेट्रॉइटमधील चाल्मर्स मोटार कंपनीत नोकरी धरली. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यातर्फे ते युरोपात होते. तेथे त्यांच्याकडे विमानांच्या इंजिनांचे काम होते. युद्धानंतर त्यांनी प्रथम लिबर्टी व नंतर हपमोबिल या मोटार कंपन्यांत काम केले. १९३४ मध्ये ते जनरल मोटर्स कंपनीत दाखल झाले आणि पुढे तिच्या शेव्हरोले विभागात रचना अभियंत्यांचे प्रमुख झाले.

कॅडेट प्रकल्प

दुसरे महायुद्ध संपताच अमेरिकेत स्वस्त व लहान गाडीला मोठी मागणी येईल, असा जनरल मोटर्सचा अंदाज होता. त्यासाठी १९४५ मध्ये शेव्हरोलेत हलक्या मोटारीचा प्रकल्प सुरू झाला व त्याचे मुख्य अभियंतापद मॅकफर्सन यांच्याकडे आले. नियोजित गाडीचे नाव ‘कॅडेट’ होते. तिची किंमत १००० डॉलरांच्या आत आणि वजन सुमारे २२०० पौंड (अंदाजे १००० किलो) ठेवायचे होते.

किंमत व वजन या दोन्ही मर्यादा कडक असल्यामुळे प्रत्येक भागाचा नव्याने विचार करणे भाग पडले. त्या काळी बऱ्याच मोटारींच्या पुढच्या चाकाला वर एक व खाली एक असे दोन विशबोन, त्यांच्यामध्ये गुंडाळी स्प्रिंग, वेगळा शॉक ॲब्सॉर्बर आणि चाक वळण्यासाठी किंगपिन असे अनेक भाग लागत. मॅकफर्सन यांनी यांतील बरीच कामे एका उभ्या खांबावर सोपवली. कॅडेटच्या चारही चाकांना असेच खांब बसवण्याची त्यांची योजना होती.

नमुना गाड्यांच्या चाचण्या झाल्या. परंतु एवढ्या कमी किमतीत पुरेसा नफा उरणार नाही, असे व्यवस्थापनाला वाटू लागले. युद्धोत्तर काळात मोठ्या गाड्याही हातोहात खपत होत्या. अखेर १९४७ मध्ये प्रकल्प रद्द झाला. या निर्णयाने नाराज झालेल्या मॅकफर्सन यांनी जनरल मोटर्स सोडली व प्रतिस्पर्धी फोर्ड कंपनीत प्रवेश केला.

रचनेचे स्वरूप

मॅकफर्सन स्ट्रटमध्ये शॉक ॲब्सॉर्बरची नळी हाच चाकाचा मुख्य आधार असतो. नळीचे खालचे टोक चाकाच्या धारकाला घट्ट जोडलेले असते. वरचे टोक गाडीच्या सांगाड्यात बेअरिंगवर बसवलेले असते व नळीभोवती गुंडाळी स्प्रिंग असते. खाली एक आडवा दुवा चाकाला जागेवर धरतो. स्टीअरिंग फिरवले की संपूर्ण खांब स्वतःभोवती फिरतो; त्यामुळे वरचा विशबोन व किंगपिन यांची गरज उरत नाही. भाग कमी, वजन कमी आणि इंजिनासाठी जागा अधिक, असा तिहेरी लाभ होतो.

या रचनेला मर्यादाही आहेत. खांब उंच असल्याने गाडीचे नाक फार खाली आणता येत नाही. शॉक ॲब्सॉर्बरच्या दांड्यावर आडवा ताण येऊन घर्षण वाढते. खांबाच्या माथ्याजवळचा सांगाडाही भक्कम असावा लागतो. म्हणून सांगाडा व बॉडी एकसंध असलेल्या गाडीला ही रचना विशेष मानवते.

फोर्डमधील कारकीर्द

या रचनेसंबंधी एक पेटंट अर्ज १९४७ मध्ये जनरल मोटर्सच्या वतीने, तर दुसरा १९४९ मध्ये फोर्डच्या वतीने दाखल झाला. दोन्ही अर्ज १९५३ मध्ये मंजूर झाले. परिणामी एकाच अभियंत्याच्या कल्पनेची पेटंटे दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांच्या नावे झाली. फोर्डच्या पेटंटात फियाट कंपनीचे ग्विदो फोर्नाका यांनी १९२०च्या दशकात मांडलेल्या रचनेचा उल्लेख आहे. त्यामुळे मूळ कल्पनेचे सर्व श्रेय मॅकफर्सन यांना देता येत नाही. ती कारखान्यात मोठ्या संख्येने बनवता येईल अशा रूपात आणण्याचे श्रेय मात्र त्यांचे आहे.

फ्रान्समधील १९४९ च्या फोर्ड व्हेडेटमध्ये हा स्ट्रट प्रथम आला, असे अनेकदा लिहिले जाते. परंतु त्या गाडीला विशबोनची रचना होती. १९५० मध्ये सादर झालेल्या ब्रिटिश फोर्डच्या कॉन्सल व झेफिर या गाड्यांपासून मॅकफर्सन स्ट्रटचा कारखानी वापर सुरू झाला, असे मानले जाते. अमेरिकेतील फोर्ड मोटारींनी त्या काळात विशबोनच ठेवले. १९५२ च्या लिंकनमध्ये किंगपिनऐवजी बॉल जॉइंट आले. मॅकफर्सन फोर्डच्या अभियांत्रिकी विभागाचे उपाध्यक्ष झाले व १९५८ मध्ये निवृत्त झाले. त्यानंतर दोनच वर्षांत त्यांचे निधन झाले.

पिकअप ट्रक व उंची कमी करणे

मॅकफर्सन यांनी काम केलेल्या दोन्ही कंपन्यांचे पिकअप ट्रक त्या काळात अमेरिकेत लोकप्रिय होते; पण त्यांच्या पुढच्या बाजूला अखंड आस व पाट्यांच्या स्प्रिंगा होत्या. पिकअपची चेसिस वेगळी व मडगार्ड बोल्टने बसवलेले असल्याने खांबाचा माथा टेकवायला भक्कम जागाच नव्हती. शेव्हरोलेच्या पिकअपला १९६० मध्ये टॉर्शन बारसह व १९६३ पासून गुंडाळी स्प्रिंगांसह स्वतंत्र पुढचे सस्पेन्शन मिळाले, तेही विशबोनवर आधारलेले. फोर्डने १९६५ मध्ये दोन आय-बीमची वेगळी रचना आणली.

जुन्या पिकअपची पुढची बाजू खाली आणण्याची हौस अमेरिकेत मोठी आहे व तिचे मार्ग या फरकांवरच अवलंबून असतात. अखंड आसेच्या ट्रकमध्ये मध्यभाग खाली वाकवलेली आस बसवतात किंवा पाट्यांची संख्या घटवतात. विशबोनच्या ट्रकमध्ये आखूड स्प्रिंग हा स्वस्त उपाय असतो. मात्र त्यामुळे चाकाची वर-खाली होण्याची जागा घटते व चाकाचा कल बदलतो. त्याऐवजी ज्याचा चाक बसवायचा खुंट मुळापेक्षा वर घेतलेला असतो असा स्पिंडल लावला, तर विशबोनचे कोन व स्प्रिंगची लांबी न बदलता गाडी खाली येते. मॅकफर्सन स्ट्रटमध्ये खुंट व खांब जोडलेले असल्याने बहुधा आखूड स्प्रिंगच वापरावी लागते. गाडी फार खाली घेतल्यास खालचा दुवा चाकाच्या बाजूने वर चढतो, गाडीचे झुकण्याचे केंद्र गुरुत्वमध्यापेक्षा अधिक घसरते आणि वळणावर गाडी कमी कलण्याऐवजी जास्त कलू शकते. उंची कमी केल्यावर चाकांची मांडणी पुन्हा तपासून घेणे म्हणूनच आवश्यक असते.

वारसा

१९६०च्या दशकात बीएमडब्ल्यूच्या नव्या मोटारींनी, १९६९ मध्ये फियाट १२८ ने व १९७४ मध्ये फोक्सवॅगन गोल्फने पुढच्या चाकांसाठी हाच मार्ग स्वीकारला. इंजिन आडवे व पुढची चाके चालवणारी लहान गाडी सर्वत्र रूढ झाली, तेव्हा मॅकफर्सन स्ट्रट तिचा नित्याचा भाग बनला. भारतात १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० मध्ये व पुण्यात घडलेल्या टाटा इंडिकामध्येही तो होता. सर्वसामान्य कुटुंबाला परवडेल अशी गाडी बनवण्याचा जो प्रयत्न १९४७ मध्ये थांबवण्यात आला, त्यातील ही रचना अशा रीतीने इतर देशांतील लहान गाड्यांतून लाखो कुटुंबांपर्यंत पोहोचली.