गाडगेबाबांच्या धर्मशाळा आणि आपले विहार

6 डिसेंबरला रायगडच्या किनाऱ्यावरच्या बौद्धवाड्यांतून आपण चैत्यभूमीला जातो. कोणी रेवस-मांडव्याहून बोटीने, कोणी एसटीने पनवेलमार्गे. महामानवाला अभिवादन करून परत येतो. त्यानंतर चौदा दिवसांनी, 20 डिसेंबरला, आणखी एक स्मृतिदिन असतो आणि तो बहुतेक वेळा शांतपणे निघून जातो. 1956 च्या त्या एकाच महिन्यात बहुजन समाजाने डॉ. बाबासाहेब आंबेडकर गमावले आणि संत गाडगेबाबाही गमावले.

गाडगेबाबा म्हटले की तरुणांना झाडू आठवतो. सरकारनेही त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान काढले. झाडू खराच होता, पण त्या झाडूमागे त्यांचे दुसरे मोठे काम झाकले गेले. ज्यांना रात्री डोके टेकायला जागा नाही, त्यांच्यासाठी त्यांनी आयुष्यभर जागा उभ्या केल्या. आम्ही आज त्या कामाबद्दल लिहीत आहोत, कारण आपल्या किनाऱ्यावर त्याची गरज संपलेली नाही.

डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म 23 फेब्रुवारी 1876 रोजी अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगाव इथे परीट कुटुंबात झाला. वडील दारूपायी लवकर गेले. आई सखुबाई लेकराला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुरे इथे माहेरी आली. डेबूचे बालपण मामाची गुरे राखण्यात आणि शेतात राबण्यात गेले. शाळा नाही, अक्षरओळख नाही. पुढे सावकाराने मामाची जमीन गिळली, तेव्हा कर्ज आणि अज्ञान मिळून माणसाला कसे उघड्यावर आणतात, हे त्यांनी घरातच पाहिले. 1892 मध्ये कुंताबाईंशी लग्न झाले. मुलीच्या बारशाला दारू आणि मटणाचे जेवण देण्याची जातीची रीत मोडून त्यांनी गोडाचे जेवण घातले. सुधारणेची सुरुवात स्वतःच्या घरातून झाली ती अशी.

1 फेब्रुवारी 1905 रोजी त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्या, हातात झाडू आणि एक फुटके गाडगे. त्याच गाडग्यात खायचे, त्यातच पाणी प्यायचे. गावात शिरले की आधी रस्ते झाडायचे, रात्री कीर्तन करायचे. कीर्तनात देवापेक्षा कर्ज, दारू, शिवाशिव, पशुबळी आणि मुलांची शाळा हेच विषय जास्त. ऐकणाऱ्यांनाच प्रश्न विचारून त्यांच्याच तोंडून उत्तर काढून घ्यायची त्यांची पद्धत होती. भटकंतीत ते स्वतः झाडाखाली, गोठ्यात, नदीकाठी झोपले. बेघर माणसाची रात्र कशी असते हे त्यांना कोणी सांगावे लागले नाही.

या रात्रींतूनच धर्मशाळांचे काम सुरू झाले. पंढरपूरच्या वारीला येणाऱ्या अस्पृश्यांना देवळात प्रवेश नव्हताच, पण मुक्कामालाही जागा नव्हती. पैसे असले तरी धर्मशाळेचे दार बंद. मग चंद्रभागेच्या वाळवंटात, पावसात पडून राहायचे. 1920 च्या आसपास गाडगेबाबांनी या लोकांसाठी पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा उभी केली.

तो काळ लक्षात घ्या. 1917 मध्ये परदेशात शिकून आलेले बाबासाहेब बडोद्यात नोकरीला गेले, तेव्हा त्यांना भाड्याने खोली मिळाली नाही. पारशी पथिकाश्रमात नाव लपवून राहावे लागले आणि अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. माणूस कितीही शिकलेला असो, जात पुढे आली की तो बेघर होत होता. म्हणूनच 4 ऑगस्ट 1923 रोजी मुंबई विधिमंडळात मंजूर झालेल्या बोले ठरावात सार्वजनिक पाणवठे आणि विहिरींबरोबर धर्मशाळांचाही उल्लेख आहे. याच ठरावाच्या आधाराने आपल्या महाडचे चवदार तळे कागदोपत्री खुले झाले आणि 20 मार्च 1927 रोजी ते प्रत्यक्ष खुले करण्यासाठी बाबासाहेबांना सत्याग्रह करावा लागला. महाडचे पाणी आपण विसरलो नाही. पण त्याच ठरावात निवाऱ्याचाही हक्क होता, हे आपल्या भाषणांत क्वचितच येते.

कोणी विचारेल, पंढरपुरातल्या बाबांच्या धर्मशाळांना मराठा, परीट, चोखामेळा अशी जातींची नावे कशी? प्रश्न रास्त आहे. त्या काळी प्रत्येक जात आपला पैसा आपल्या दारासाठीच काढायची, आणि ज्यांना एकही दार नव्हते त्यांच्यासाठी आधी एक दार हवे होते. पण बाबा तिथे थांबले नाहीत. नाशिक, देहू, आळंदीसह अनेक ठिकाणी धर्मशाळा झाल्या. अंध, अपंग, अनाथांसाठी सदावर्ते निघाली. 1954 मध्ये मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ रुग्णांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा झाली. यात्रेकरूपासून रुग्णाच्या नातेवाइकापर्यंतचा हा प्रवास महत्त्वाचा आहे. इथे राहणाऱ्याची ओळख जातीने नव्हे, गरजेने ठरली.

लाखो रुपये उभे राहिले, पण बाबांनी स्वतःसाठी काही ठेवले नाही. मालमत्ता विश्वस्तांच्या हाती दिली, घरच्यांचा हक्क त्यात ठेवला नाही. 8 फेब्रुवारी 1952 रोजी गाडगे महाराज मिशन स्थापन झाले, ते काम आपल्या मागे चालावे म्हणून. मुंबईत दादर पूर्वेला मिशनची धर्मशाळा आजही कर्करोगाच्या रुग्णांना आणि त्यांच्या नातेवाइकांना आसरा देते. चैत्यभूमीला जाणाऱ्या आपल्यातल्या कितीजणांनी ती पाहिली आहे?

1949 मध्ये बाबांनी पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला दिली. यात्रेकरूंची जागा विद्यार्थ्यांचे वसतिगृह झाली. एक निरक्षर कीर्तनकार आणि एक विद्वान बॅरिस्टर, दोघांचे यावर एकमत होते की खेड्यातल्या पोराला शिकायचे असेल तर आधी राहायला जागा हवी. वास्तू तीच राहिली, गरज बदलली तसा तिचा उपयोग बदलला.

20 डिसेंबर 1956 रोजी अमरावतीकडे जाताना, वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर, गाडीतच त्यांनी देह ठेवला. ज्याने एवढी छपरे उभी केली, त्याचा शेवट रस्त्यावर झाला.

गाडगेबाबांनी धम्मदीक्षा घेतली नव्हती, कीर्तनात ते विठ्ठलाचे नाव घेत. त्यांना ओढून आणून बौद्ध ठरवण्याची गरज नाही. पण निवारा देणे हे आपल्या परंपरेत नवे नाही. श्रावस्तीच्या सुदत्ताने जेतवन दिले आणि अनाथांना घास देणारा म्हणून त्याला अनाथपिंडिक हे नाव मिळाले. आपल्याच किनाऱ्यावर, राजपुरी खाडीजवळच्या कुडा लेण्यांमध्ये माळी, वैद्य, लोखंडाचा व्यापारी अशा दात्यांचे शिलालेख आहेत. साध्या कष्टकरी माणसांनी दुसऱ्याच्या पावसाळ्याची सोय केली, त्याचा हा दगडातला पुरावा आहे.

आता आजचे बोलू. मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा, रोहा इथून रुग्णाला मोठ्या दवाखान्यात नेतात, तेव्हा सोबतची बाई रात्री कुठे झोपते? एसटी स्टँडवर किंवा व्हरांड्यात. वीटभट्टीवर आलेल्या कातकरी कुटुंबाचे छप्पर म्हणजे प्लास्टिकचा कागद. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळाने याच किनाऱ्यावर हजारो घरांची कौले उडवली, आणि जुलै 2021 मध्ये महाड तालुक्यातले तळिये दरडीखाली गेले. सर्वोच्च न्यायालयाने शहरांमध्ये दर एक लाख लोकसंख्येमागे एक निवारागृह असावे असे सांगितले. पण अलिबाग, पेण, उरण, मुरूड, श्रीवर्धन, महाड यांतले एकही शहर 2011 च्या जनगणनेत लाखाच्या घरात नाही. लहान गावातला बेघर माणूस या मापात बसतच नाही.

म्हणून आमची मागणी दोन्हीकडे आहे. नगरपरिषदेकडे जाऊन, लोकसंख्येचा आकडा न सांगता, रुग्णांचे नातेवाईक आणि स्थलांतरित मजूर यांच्यासाठी बारमाही निवारा मागायचा. नुसते छप्पर नको. पाणी, स्वच्छतागृह, बाईसाठी कडी लागणारी वेगळी खोली, आणि तिथून पुढे रेशनकार्ड, उपचार, काम मिळवून देणारा माणूस हवा. दुसरी मागणी आपल्याच लोकांकडे. आपले कितीतरी विहार आणि समाजमंदिरे जयंती, पौर्णिमा आणि लग्न सोडले तर कुलूपबंद असतात. तालुक्याच्या ठिकाणी, दवाखान्याजवळ असलेल्या एका तरी विहारात चार खाटांची खोली सुरू करता येईल. किल्ली कोणाकडे, झाडलोट कोणाची, हिशोब कोणाचा, हे गाडगेबाबांसारखे आधी ठरवायचे. आणि दारात आलेल्याची जात विचारायची नाही.

येत्या 20 डिसेंबरला हार घालण्याआधी आपल्या विहाराच्या कमिटीची बैठक लावा आणि हा एकच विषय ठेवा.

जय भीम!